यादीतली कोरी ओळ

श्रावण सरत आला, पोळ्याचे बैल घरी परतले, की महाराष्ट्रातील घराघरांतून एक कागद बाहेर निघतो. त्यावर दूर्वा, शमी, केवडा, एकवीस पत्री, कापूर, गूळ, तांदळाची पिठी, नारळ अशी नावे एकाखाली एक उतरू लागतात. ही यादी करणारी व्यक्ती प्रत्येक घरात असते. आणि त्याच घरात, त्याच छपराखाली, त्या कागदाकडे पाहून हसणारी दुसरीही एक व्यक्ती असते. "अहो, देव आपला आहे. ऐनवेळी सगळे जमून येते," असे तिचे म्हणणे असते. गंमत अशी की, दोघांचीही श्रद्धा सारखीच असते. गजाननाच्या आगमनाची ओढ दोघांनाही सारखीच असते. तथापि चतुर्थीच्या आदल्या रात्री घरात जर कुठे शब्दाला शब्द लागत असेल, तर तो बहुधा या दोघांमध्येच.

कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या वेळी मुंबईच्या कोणत्याही स्थानकावर घटकाभर उभे राहावे. मनुष्यस्वभावाचे हे दोन प्रकार डोळ्यांना स्पष्ट दिसतात. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते. त्या दिवशी सकाळी घड्याळाकडे डोळे लावून बसलेला एक चाकरमानी असतो; त्याच्या खिशात दोन महिने आधीच जाण्याचे आणि येण्याचे तिकीट असते. दुसरा मात्र आदल्या दिवशी कचेरीतून परस्पर निघतो. मिळेल त्या एसटीत उभ्याने प्रवास करतो. पहाटे अंगणात उभा राहून आईला हाक मारतो. त्या माउलीला दोघेही सारखेच प्रिय. परंतु एकाची वाट पाहताना तिचे मन निश्चिंत असते. दुसऱ्याची वाट पाहताना ती रात्रभर दाराशी जाऊन येते. हा फरक लहान नव्हे, असे आम्हांस वाटते.

तीन मासे

पाश्चात्त्य मानसशास्त्रात स्वभावभेदांचा विचार गेल्या शतकात फार झाला. कार्ल युंग यांचा मनोवृत्तींच्या प्रकारांवरील ग्रंथ 1921 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आधाराने पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी जी स्वभावचाचणी तयार केली, तिच्यात आखून-ठरवून जगणारे आणि समोर येईल तसे जगणारे असे दोन वर्ग स्पष्टपणे मांडलेले आहेत. आजचे अभ्यासक अशी काटेकोर विभागणी फारशी मानीत नाहीत. माणसे या दोन टोकांवर उभी नसतात, बहुतेक मधल्या वाटेवरच कुठेतरी असतात, असे त्यांचे मत आहे. ते योग्यच आहे.

परंतु आपल्याकडे हा विचार नवा नाही. महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्म सांगताना, शरपंजरी पडलेले पितामह भीष्म युधिष्ठिराला तीन माशांची कथा सांगतात. एका उथळ जलाशयात तीन मासे मैत्रीने राहत होते. एक अनागतविधाता, म्हणजे अद्याप न आलेल्या संकटाची आधीच तजवीज करणारा. दुसरा प्रत्युत्पन्नमती, म्हणजे प्रसंग उभा राहताच ज्याची बुद्धी उभी राहते असा. तिसरा दीर्घसूत्री, त्याचे सूत कातून कधी संपतच नाही. कोळी पाट काढून तळ्याचे पाणी उपसू लागले, तेव्हा पहिल्याने धोका ओळखला आणि तो त्याच वाहत्या पाण्यातून खोल तळ्याकडे निघून गेला. दुसरा म्हणाला, वेळ आली की मला उपाय सुचल्यावाचून राहत नाही. तिसरा म्हणाला, एवढी घाई कशाला? पाणी आटले, जाळे पडले. कोळ्यांनी मासे दोरीत ओवले. त्या वेळी दुसऱ्याने ती दोरी आपणच तोंडात धरली आणि ओवल्यासारखा पडून राहिला. मासे धुण्यासाठी स्वच्छ पाण्यात बुडवताच दोरी सोडून तो निसटला. तिसरा गतप्राण झाला.

भीष्मांचा निर्णय लक्षात घेण्याजोगा आहे. पहिले दोघेही सुखाने वाढतात, असे सांगून नाश पावणारा म्हणून ते फक्त तिसऱ्याकडे बोट दाखवितात. यादी करणारा आणि ऐनवेळी निभावून नेणारा हे दोघे एकाच बाजूचे आहेत. भांडण खरे तर त्या दोघांचे नव्हेच. पण घरोघरी काय होते? यादी करणारा दुसऱ्याला आळशी समजतो, म्हणजे प्रत्युत्पन्नमतीला दीर्घसूत्री ठरवितो. आणि ऐनवेळचा माणूस यादी करणाऱ्याला भित्रा म्हणतो. खरा दीर्घसूत्री मात्र या गलबल्यात कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. तो कुठे असतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

आमच्या घरची गोष्ट

आमचे मूळ घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, एका वहाळाच्या काठी आहे. आम्ही तिघे भाऊ. दादा थोरले, आम्ही मधले, आणि एक धाकटा. गणपती घराण्याचा, मूळ घरात बसणारा. तिघांचा मिळून एकच. कोकणात या एका गणपतीला केवढा अर्थ असतो, हे कोकणी माणसाला सांगावयास नको. भावाभावांत जमीन वाटली जाते, विहिरीचे पाणी वाटले जाते, चुली वेगळ्या होतात. पण गणपती एक असेल तर घर एक आहे, असेच गाव मानतो. गणपती वेगळा झाला की घर मोडले.

आमच्या थोरल्या वहिनी यादी करणाऱ्यांपैकी. त्यांची एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षापासून त्यांनी तीत प्रत्येक चतुर्थीचा हिशेब लिहिला आहे. किती नारळ फुटले, किती मोदक झाले, काळे वाटाणे किती भिजवले आणि किती उरले, कोणती पत्री कोणत्या आवाटातून मिळाली, सर्व काही. धाकटा याच्या अगदी उलट. तो पखवाज वाजवितो. भजनाच्या फडात त्याच्या हाताला मोठा मान आहे. त्याला वेळ विचारली तर तो आकाशाकडे पाहतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका चतुर्थीला तो भर दुपारी, पाने मांडलेली असताना, भजनी मंडळातील चौघा सोबत्यांना घेऊन दाराशी उभा राहिला. कोणाला पूर्वसूचना नव्हती. वहिनींचे मोदक मोजून केलेले, उसळ मोजून केलेली. पाहुण्यांना अर्थातच प्रथम वाढले गेले, आणि शेवटच्या पंगतीला बसलेल्या घरच्या बायकांच्या पानांत नैवेद्यातला एकही मोदक आला नाही. वहिनी पहाटे तीनपासून चुलीपुढे होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भावजी, एक निरोप धाडला असता तर बरे झाले असते." धाकटा म्हणाला, "वहिनी, देवाच्या घरी कोण मोजून जेवते?" शब्द दोन्हीही खरे होते, म्हणूनच ते अधिक लागले. दादा मध्ये पडले ते वहिनींच्या बाजूने आणि वडीलपणाच्या आवाजात. संध्याकाळच्या आरतीला धाकटा उभा राहिला नाही. रात्री पखवाज गवसणीत गेला, आणि तो निघून गेला.

पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. मुंबईत आपल्या खोलीवर वेगळा गणपती आणण्याचे त्याच्या मनात आहे, असे कानावर आले. आई त्या वेळी हयात होती. ती काही बोलत नसे. फक्त दर्शनाला कोणी आले की धाकट्याचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असे, त्यावर ती कोणाला बसू देत नसे.

या दोन वर्षांत आम्ही काय केले? आम्ही मधले. दोघांशीही आमचे बोलणे होते. आईने आम्हांला एकदा नव्हे, अनेकदा सांगितले, "तू दोघांशी बोल, तुझे दोघेही ऐकतील." आम्ही होकार दिला. योग्य वेळ पाहून बोलू, असे ठरविले. दिवाळी गेली, शिमगा गेला, आषाढी गेली. योग्य वेळ काही आली नाही, कारण ती आम्ही ठरविलीही नाही आणि समोर आली तेव्हा धरलीही नाही. शांतिपर्वातील तिसरा मासा कोण, हे आम्हांस त्यानंतर वेगळे विचारावे लागले नाही.

वहीतील एक नोंद

तिसऱ्या वर्षी धाकटा आला. चतुर्थीच्या आदल्या रात्री, पावसात भिजून, पत्नीमुलांसह. आम्ही चकित झालो. कोणी बोलावले, हे कोणी सांगितले नाही. पुष्कळ दिवसांनी, काही सामानाचा भाव पाहण्यासाठी, वहिनींची वही आम्ही उघडली. त्या वर्षीच्या श्रावणातले पान होते. गूळ पाच किलो. तांदूळ दळून आणणे. समयीच्या वाती. आणि त्यांच्या खालोखाल, त्याच शाईत, त्याच अक्षरात लिहिले होते: "भावजींना फोन करणे. नारळी पौर्णिमेला, सकाळी, आईंच्या पूजेनंतर." पुढे बरोबरची खूण होती.

ज्या बाईच्या यादीला आम्ही सारे वर्षानुवर्षे हसत आलो, तिने आपला दुखावलेला मान गुळा-तांदळाच्या ओळीत लिहून टाकला होता, आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी तो बाजूला ठेवून फोन उचलला होता. पुढे आमच्या वाचनात आले की पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली याच विषयावर एक निबंध लिहिला आहे. 'हे करीन' असे नुसते म्हणण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झाले की हे करीन' असे मनाशी बांधून घेतले, तर ते काम हातून घडण्याचा संभव बराच वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपला संकल्प तरी दुसरे काय आहे? देश, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांचा उच्चार करून, मी अमुक आता येथे हे कर्म करतो, असे पाणी सोडून म्हणावयाचे. वहिनींनी निबंध वाचला नव्हता. संकल्प मात्र दरवर्षी ऐकला होता.

आणि धाकटा? फोन येताच तो "येतो" म्हणाला. दोन वर्षांच्या रागाचा हिशेब त्याने मागितला नाही, कारण तो त्याने ठेवलेलाच नव्हता. क्षणात रुसणारा माणूस क्षणात विसरूही शकतो. यादी करणाऱ्याला हे जड जाते. त्याच्याजवळ नारळांची नोंद असते तशी अपमानांचीही नोंद राहते.

अक्षता वाहा

त्या वर्षीच्या चतुर्थीला पहाटेपासून पाऊस कोसळत होता. वहाळ फुगला, साकव पाण्याखाली गेला. भटजी पलीकडच्या गावचे. ते येणे अशक्य झाले. वीज गेलेली, फोनही लागेना. गणेशपूजनाचा काळ मध्यान्हाचा. मूर्ती चौरंगावर, माटवी वर बांधलेली, सर्व साहित्य तबकात मांडलेले, आणि दादा सोवळे नेसून दाराकडे पाहत उभे. ज्यांनी आयुष्यात एक गोष्ट वेळेवाचून केली नाही, त्या दादांच्या चेहऱ्यावरचे ते असाहाय्यपण आम्ही विसरू शकत नाही.

धाकटा पुढे आला. म्हणाला, "दादा, तू पाटावर बैस. अथर्वशीर्ष मला येते. बाकी नाममंत्राने करू. क्रम कोणाला ठाऊक आहे?" क्रम वहीत होता. कोणत्या उपचाराला कोणती वस्तू हाताशी हवी, हे चुकू नये म्हणून वहिनींनी फार वर्षांपूर्वी भटजींच्या मागे बसून सगळा क्रम उतरून घेतला होता. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, यज्ञोपवीत, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. वहिनी वाचू लागल्या, धाकटा नाममंत्र म्हणू लागला, दादांचे हात चालू लागले. आम्ही समई वाऱ्यापासून सांभाळीत बसलो.

यज्ञोपवीताशी येऊन सगळे थांबले. वहीत लिहिले होते, 'जानवे – भटजी आणतात.' घरात जानवे नव्हते. वीस वर्षांच्या यादीत एवढे एक छिद्र राहून गेले होते. वहिनींचा आवाज बंद झाला. दादा म्हणाले, "आता?" धाकट्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "अक्षता वाहा." दादा साशंक. तेव्हा भिंतीशी बसलेली आई म्हणाली, "वाहा. भटजीसुद्धा तेच करतात."

ते खरेच होते. ज्या कोणी ही षोडशोपचार पूजा लक्ष देऊन पाहिली असेल, त्यांना हे ठाऊक असेल. वस्त्र नसेल तर त्याच्या जागी अक्षता, अलंकार नसतील तर अक्षता. जो उपचार जवळ नाही त्याच्या स्थानी चार अखंड तांदूळ भावाने वाहावयाचे, आणि पूजा पुढे चालू ठेवावयाची. आणि इतके करूनही अखेरीस, मंत्रात, क्रियेत, भक्तीत जे उणे राहिले असेल त्याबद्दल देवाची क्षमा मागावयाची. पूजाविधीइतकी काटेकोर आखणी आपल्या जीवनात दुसरी क्वचितच असेल. परंतु ज्या पूर्वजांनी सोळा उपचार क्रमवार लावून दिले, त्यांनीच त्या क्रमात उणिवेलाही जागा करून ठेवली आहे.

सण तिथीने येतो, अतिथी तिथीवाचून

या दृष्टीने पाहू लागले की आपला सणच हे दोन्ही धडे देतो, असे दिसून येते. पंचांग पाहा. चतुर्थीची तिथी ठरलेली. गौरी तर नक्षत्राच्या नेमाने चालतात. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. म्हणून ज्या घरी गौरींसोबत गणपती जातो, तेथे देवाचा मुक्काम कधी पाच, कधी सहा, तर कधी सात दिवसांचा होतो. हा नेम पाळावयाचा तर पंचांग आधी पाहिलेच पाहिजे. पण त्याच धर्माने ज्याला देव मानले तो अतिथी. अतिथी या शब्दाची फोड आपली परंपरा कशी करते? ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. तिथी पाळणाऱ्या घराने तिथी न पाळणाऱ्यालाही दार उघडावे, अशी ही योजना आहे.

स्वयंपाकघरात पाहा. काळे वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात; तेथे कितीही मोठी ऐनवेळची हुशारी चालत नाही. पण मोदकाची उकड? ती आदल्या रात्री करून ठेवता येत नाही. ऊन ऊन असतानाच मळावी लागते, आणि हाताला चटके बसत असतानाच पारी करावी लागते. पीठ किती ओढते, पाणी किती लागते, हे त्या घडीला हातालाच कळते. एकाच नैवेद्याच्या पानात वाटाण्याची उसळ आदल्या रात्रीची शिस्त घेऊन येते आणि मोदक त्या क्षणाचे कसब घेऊन येतो.

देवाच्या डोक्यावरची माटवी पाहा. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. लाकडाची चौकट दरवर्षी तीच, तेवढीच, त्याच जागी बांधलेली. नारळ, सुपारीचे घोस, तवशी हे नेमाचे. पण त्या चौकटीला पुढे काय लागेल, हे त्या वर्षीचे रान ठरविते. कवंडळे मिळाली तर कवंडळे, हरणाची फुले फुलली असतील तर ती. चौकट नसेल तर रानातले वैभव जमिनीवर पडून राहील. रान नसेल तर चौकट ही चार लाकडे.

आणि ज्याचा हा उत्सव, त्या गजाननाची कथा तरी काय सांगते? महाभारत लिहून घेण्यास व्यासांनी त्याला विनविले, तेव्हा त्याने अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्यावाचून अक्षर लिहू नये. मग अवघड कूटश्लोक रचून व्यास त्याला विचारात पाडीत, आणि तेवढ्या अवधीत पुढची रचना मनात जुळवीत, असे सांगतात. एकाजवळ अखंड ओघ, दुसऱ्याजवळ पुढचे पाहून बांधलेला बांध. त्या दोहोंच्या करारातून लक्ष श्लोकांचा ग्रंथ उभा राहिला. यातील एकाचाच हट्ट चालला असता, तर आपण महाभारताला मुकलो असतो.

दोघांनाही दोन शब्द

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. ऐनवेळी सर्व जमून येते, असे जे म्हणतात, त्यांनी ते कोण जमवून आणते, हेही एकदा पाहावे. पुष्कळ घरांत एकाचा मोकळेपणा दुसऱ्याच्या आखणीवर उभा असतो, आणि ती दुसरी व्यक्ती बहुधा माजघरात असते. अचानक आलेल्या चार पाहुण्यांचे स्वागत ओटीवर होते, त्यांचा भार चुलीवर पडतो. आतिथ्याचे पुण्य ज्याला हवे, त्याने विळीवर बसून दोन नारळ खवून द्यावेत. मग त्याचा मोकळेपणा खरा.

आणि यादी करणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावे. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या अभ्यासकांनी 1979 साली दाखवून दिले की, माणूस आपल्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज नेहमी कमीच बांधतो. आधीची कामे लांबलेली ठाऊक असूनही या वेळी तसे होणार नाही, असे मानतो. म्हणजे उत्तम यादीसुद्धा थोडी आशावादीच असते. ती मोडली म्हणून घरातील माणसांवर रागावणे म्हणजे पाऊस पडला म्हणून पंचांगावर रागावणे होय. यादी माणसांसाठी असते. माणूस यादीत बसला नाही तर यादी बदलावी.

आमच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. त्या दिवशी दुपारी पूजा आटोपल्यावर वहिनींनी वहीत दोन नोंदी केल्या. एक, 'जानवी दोन जोड, घरात ठेवणे.' दुसरी नोंद म्हणजे शेवटची ओळ. ती त्यांनी कोरीच सोडली, आणि तिच्यापुढे फक्त आकडा घातला, पाच. पाच माणसांचे वाटाणे, पाच माणसांची पिठी, नावे न लिहिता. तेव्हापासून दर चतुर्थीला आमच्या घरी हे पाच पानांचे माप जास्त असते. ते कधी धाकट्याच्या सोबत्यांच्या कामी येते, कधी वाट चुकलेल्या एखाद्या भजनी मंडळाच्या, कधी पाऊस ओसरेपर्यंत ओटीवर थांबलेल्या अनोळखी वाटसरूच्या. आजवर ते वाया गेलेले आम्ही पाहिले नाही.

धाकट्यानेही एक नेम धरला. बाकी तो होता तसाच आहे. कधी निघणार, कसा येणार, कोणाला घेऊन येणार, हे आजही कोणाला सांगत नाही. पण मूर्तिशाळेतून गणपती डोक्यावर घेऊन येण्याचे काम त्याचे, आणि त्या कामाला तो एकदाही चुकलेला नाही. हरितालिकेच्या संध्याकाळी वहाळापलीकडून पखवाजावर थाप ऐकू येते, आणि थोरल्या वहिनी वहीत खूण करतात.

आई आता नाही. तिने तिघांचे पाट एका ओळीत मांडलेले पुढे चार वर्षे पाहिले. परंतु त्याआधीची दोन वर्षे तिची गेली ती गेली, आणि ती आमच्या 'योग्य वेळी बोलू'मुळे गेली, ही टोचणी आम्हांस आहे. वाचकांच्या घरीही कदाचित एखादा पाट भिंतीला टेकून उभा असेल. तो मांडण्यासाठी ज्याला यादी करून जमते, त्याने आजच यादीत ओळ लिहावी. ज्याला ऐनवेळी सुचते, त्याने हे वाचून होताच उठून हाक मारावी. मात्र योग्य वेळेची वाट पाहू नये. विघ्नहर्ता दारी येतो आहे. त्याच्या येण्यापूर्वी घरातले हे एक विघ्न आपल्या हातून दूर होवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.